वरून दिसणारा तलाव

दिवाणाखालच्या डब्यांपैकी एकाच्या झाकणाभोवती तांबूस भुकटीचं कडं उमटलं होतं. त्याची जाडी सगळीकडे सारखी नव्हती. खिडकीच्या बाजूला दाट, भिंतीच्या बाजूला विरळ, आणि जिथे अब्बांनी लावलेली चिकटपट्टी सुटली होती तिथे भुकटी फरशीवर सांडून एक लहानसा त्रिकोण झाला होता. फरहत झाडू बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसली. आधी तिला गंज वाटला. पण डबा ॲल्युमिनियमचा होता, आणि ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हे ती दरवर्षी अकरावीच्या वर्गात सांगत आली होती. म्हणजे भुकटी डब्याची नव्हती, आतल्या फिल्मची होती. तिने बोट लावलं नाही. जरा वाकून श्वास घेतला आणि लगेच सोडला. नायट्रिक आम्लाच्या बाटलीचं बूच काढल्यावर नाकाच्या मुळाशी जी बारीक टोचणी होते, तीच ही. खिडकीजवळ तिने प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर टांगला होता. उन्हं अजून अंगणात उतरली नव्हती आणि पारा अडतिसावर होता. दिवाणावर अम्मी कुशीवर निजली होती, कुलरच्या वाऱ्याने तिच्या ओढणीचं टोक खाली येत होतं आणि डब्यांना लागून परत वर जात होतं.

चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत, परकोटाच्या आत, जलालुद्दीन फोटोग्राफर म्हणजे कोण हे अजून कुणाला सांगावं लागत नसे. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाहेरच्या खोलीत रंगवलेला पडदा तसाच होता, आणि पडद्यामागे अब्बांचा संग्रह. दोन पंखी विमानांची जुनी पोस्टकार्डं, त्यांत गॉगल लावलेले वैमानिक नुकते लग्नाला निघाल्यासारखे हसणारे. शत्रूचं विमान खालून कसं ओळखायचं ते शिकवणारे काळ्या आकृत्यांचे तक्ते. विमानाच्या एका लाकडी पंख्याचं तुटलेलं टोक. हवेतून फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याची एक जड भिंग, जे लहानपणी फरहतला दोन्ही हातांनीसुद्धा उचलत नसे. आणि फिल्मचे सात डबे, जे पडद्यामागे मावत नाहीत म्हणून आतल्या खोलीत दिवाणाखाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्बा नागपूरला एका छावणीच्या डार्करूममध्ये ट्रे धुणारे पोर होते. लढाई संपली तेव्हा फिल्मची पोती वजनावर विकली गेली. त्यांच्या उस्तादांनी ती चांदी काढायला घेतली. गरम पाण्याच्या टाकीत फिल्म सोडायची, वरचा थर सुटला की गाळ वेगळा, पारदर्शक पट्ट्या वेगळ्या. त्या ढिगातून अब्बांनी हे सात उचलले होते. का हेच, असं तिने एकदा विचारलं होतं. अब्बा म्हणाले होते, या डब्यांवर वर्धा नदीचं नाव लिहिलं होतं. मला वाटलं, घरची चीज आहे.

पहिली फिल्म त्यांनी उलगडली तेव्हा त्यांना कळलं की विमानातून जंगल केसांसारखं दिसतं. हे त्यांचंच वाक्य. फरहत सात-आठ वर्षांची असताना ते तिला रिटचिंगच्या डेस्कपाशी उभं करत. दुधी काचेखाली आरसा, आरशात खिडकीतला उजेड, आणि काचेवर वीतभर रुंदीची ती करडी पट्टी. इथे जंगल, इथे नदी, ही वाळू. निगेटिव्ह म्हणून सगळं उलटं, नदी काळी नाही तर पांढुरकी, वाळू काळी. मग तिला नकाशे आवडू लागले, नंतर रसायनं, आणि एम.एस्सी.ला असताना एका पुस्तकात तिने वाचलं की त्या काळची फिल्म कशापासून करत. कापूस आणि नायट्रिक आम्ल. त्यापासूनच तोफेची दारूही करत. तेव्हा ती हसली होती. सुट्टीत घरी आल्यावर गंमत म्हणून अब्बांना सांगितलंही होतं, आणि अब्बांनी गमतीतच उत्तर दिलं होतं, की मग तर आपण सगळे या मोहल्ल्याचे तोपची झालो.

तलाव चौथ्या डब्यात होता. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावचा. लढाईच्या एका उन्हाळ्यात विमान त्यावरून गेलं असणार, कारण पाणी खूप आटलेलं होतं, आणि आटलेल्या पाण्यात, काठापासून बरंच आत, एक स्पष्ट गोल दिसत होता. तलाव बांधला जाण्याआधीची विहीर. काठावरून ती कधीच दिसत नाही, आणि त्या उन्हाळ्यानंतर इतकं पाणी कधी आटलंही नाही. त्या गावचे, मासेमारी करणारे ढिवर केवळराम यांचे वडील एकदा कोर्टाच्या कागदावरचा फोटो काढायला स्टुडिओत आले, गावाचं नाव सांगितलं, आणि अब्बांनी कौतुकाने फिल्म काढून त्यांना दाखवली. म्हातारा बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिला. शिंगाडे काढायला उतरलेली त्याची धाकटी भावजय कुठे गेली होती, ते त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्या घरात नवी सून आली की महाकालीच्या यात्रेला तिला चंद्रपूरला आणायचं, देवीला जायचं, आणि मग जलालभाऊंच्या घरी येऊन तलाव वरून पाहायचा. सासू सुनेचं बोट धरून काचेवर टेकवते आणि सांगते, इथी उतरायचं, इथी नाई. तोवर ती सून पाण्यात पाय घालत नाही. डब्यापुढे ऊद लावतात, एक नारळ ठेवतात. अब्बा म्हणत, आमच्यात हे चालत नाही रे बाबा, आणि ऊद विझेपर्यंत तिथेच उभे राहत. एकदा त्यांनी मोठ्या कागदावर छाप काढून दिला होता. तो केवळरामांच्या घरी वाळवीने खाल्ला. पुन्हा काढून देतो म्हणता म्हणता तसा कागद मिळेनासा झाला, मग स्टुडिओ बंद झाला. तसंही त्यांना कागद नकोच होता. कागदावरची विहीर त्यांना तितकीशी खरी वाटत नसे.

बांधावर काही ठिपके होते. गाव आकाशाकडे बघत उभं राहिलंय, असं केवळरामांच्या घरात मानत. त्यांतला एक ठिपका त्यांची आई. फरहतने नोकरीच्या पहिल्या वर्षी, कुणाला न सांगता, भिंगाचं नाभीय अंतर आणि फिल्मच्या कडेला लिहिलेली विमानाची उंची घेऊन गणित केलं होतं. माणसाचं डोकं आणि खांदे वरून जेवढे दिसतील त्याच्यापेक्षा ठिपके मोठे येत होते. झुडपं असतील, म्हशी असतील. मग तिच्या लक्षात आलं की ऊन तिरपं होतं. झाडांच्या सावल्या एका बाजूला लांब पडल्या होत्या आणि ठिपकेही त्याच बाजूला थोडे लांबट होते. सावल्या असू शकतात. माणसं दिसत नसतील, त्यांच्या सावल्या दिसत असतील. हे तिने केवळरामांना सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही याचं समाधानकारक उत्तर तिला अजून मिळालं नव्हतं.

मागच्या वर्षी हिवाळ्यात तिने सहावा डबा अंगणात नेऊन उघडला होता. आत फिल्म नव्हती. म्हणजे होती, पण मधाच्या रंगाचा एक लोळा झाला होता, मध्ये फेस येऊन वाळलेला. कडेचा नखाएवढा तुकडा तिने कॉलेजात नेला, मुलं गेल्यावर वाळू पसरून त्यावर ठेवला आणि लांब काडीने पेटवला. तुकडा जळला असं म्हणता येणार नाही. तो होता आणि मग नव्हता, मध्ये फक्त एक पिवळा आवाज. तिने बाजूला ठेवलेला दुसरा कण पेटवून पाण्याच्या बशीत धरला, तर तो पाण्याखालीही जळत राहिला, कारण त्याला लागणारा ऑक्सिजन त्याच्याच अंगात होता. पाण्याचा उपयोग पेटण्याआधीच, फिल्म भिजवून थंड ठेवायला. तो वास तिच्या ओढणीला दोन दिवस होता. घरी आल्यावर अम्मीने विचारलं, काय जाळलंस? अब्बांनी काही विचारलं नाही. फोटो धुताना लागणाऱ्या हायपोत आणि ॲसिटिक आम्लात उभं आयुष्य काढलेल्या त्यांच्या नाकाला कसलाच वास येत नसे; बिर्याणीचासुद्धा. ते रंगावरून जेवत.

त्यानंतर तिने ठरवायला हवं होतं. उन्हाळ्यात डबे हलवणं धोक्याचं वाटे, हिवाळ्यात न हलवणं सोयीचं. पुण्याच्या एका संस्थेने संग्रह घ्यायची तयारी दाखवली तेव्हा तिला वाटलं, आपोआप सुटलं. फोनवरची बाई अदबीने बोलत होती. पोस्टकार्डं, तक्ते, भिंग, सगळं आम्ही नेऊ. फिल्म कोणती आहे? फरहतने सांगितलं. बाई म्हणाली, मॅडम, तुम्ही स्वतः केमिस्ट्री शिकवता ना. बस, एवढंच. पण या एवढ्यानेच फरहतचे कान तापले होते. संध्याकाळी तिने अब्बांना सांगितलं की फिल्म नेणार नाहीत, नासलेली असेल तर घरात ठेवणंही बरं नाही. अब्बा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, त्यांच्याकडे एसी आहे, म्हणून त्यांना सगळ्याची भीती वाटते. आणि मग हिंदीत: जब तक मैं हूँ, रहने दे. त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं. त्या वाक्यात एक मुदत होती, आणि ती मुदत संपण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे तिला नीट कळत होतं.

आता सगळ्यात वाईट डबा भुकटी सोडत होता. त्याला लागून चौथा. बाहेरून स्वच्छ, चिकटपट्टी जागच्या जागी, झाकणावर अब्बांनी ब्रशने लिहिलेलं ‘तलाव’. तो आतून कसा आहे हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. एका डब्याचा वायू दुसऱ्याला कुजवतो. तरीही एखादा वाचतो. असे टिकून राहिलेल्या डब्यांबद्दल तिने वाचलं होतं. दुपारी केवळराम त्यांच्या नव्या सुनेला घेऊन येणार होते. काल एसटीडी बूथवरून तसा फोन आला होता. ती झाडत होती ती त्यासाठीच. तिने अम्मीला हलवून बाहेरच्या खोलीत निजवलं. अम्मी पुटपुटली, मेरे पलंग में क्या काँटे निकले? मग फरहत स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा मोठा पितळी हंडा रिकामा केला, पुसला, आणि परत भरून ठेवला. का भरला हे तिने स्वतःला विचारलं नाही. भिंतीपलीकडे बांगडीवाल्यांच्या घरात कुणीतरी लाकडी खोकं ओढत होतं. तिकडच्या मुलाची बायको बाळंतीण होती, आणि तिची खाट याच भिंतीला लागून होती.

वीज दुपारच्या नमाजानंतर गेली. गावाच्या कडेला विजेचं केंद्र, चिमण्यांचा धूर रात्रंदिवस, आणि भारनियमन इथेही होतंच. कुलर थांबला की खोलीतला आवाजच बदले. आधी शांतता येई, मग उष्णता. पारा चाळिसाच्या पुढे गेला. पाहुणे आले तेव्हा ती खिडकीचा खसाचा पडदा ओला करत होती.

“अजून जित्ते हा न, जलालभाऊ?” केवळराम दारातूनच म्हणाले. खांद्यावर कापडी पिशवी, कपाळभर गुलाल.

“तुझी मासोळी येते म्हणून थांबलो,” अब्बा म्हणाले. गिऱ्हाइकांशी आयुष्यभर बोललेली इकडची मराठी त्यांच्या तोंडात लगेच यायची. “अन तू काऊन वाळला? सून आली त जेवाले भेटत नाई का?”

“सून बारावी शिकली हाये. भाजीपेक्षा भाषन जास्त वाढते.”

केवळरामांच्या पत्नी कुंताबाई हसल्या, आणि फरहतच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “काऊन वं बाई, चेहरा असा? जागली का तू?” त्यांच्यामागे नवी सून रीता उभी होती. चामोर्शीकडची, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, पायांत नवीन चपला ज्या तिने काढून हातात धरल्या होत्या, यात्रेत हरवतील म्हणून की काय. तिचा नवरा भूपेश आला नव्हता, ठेकेदाराने सुट्टी दिली नव्हती. फरहतने सगळ्यांना पाणी दिलं.

“कलर हाये का?” रीताने विचारलं.

“काय?” कुंताबाईंनी विचारलं.

“फोटो.”

“विमानवाल्याले इचारून सांगतो,” केवळराम म्हणाले, आणि अब्बा इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या खोकल्यात, त्या हसण्यात, ते उठून आतल्या खोलीत गेलेसुद्धा. फरहत त्यांच्यामागे गेली. ते वाकले होते, एक हात दिवाणाच्या कडेवर, दुसऱ्याने डबा ओढत होते, आणि ॲल्युमिनियमचा फरशीवर घासण्याचा आवाज तिच्या दातांत शिरला. “अब्बा, मैं उठाती हूँ,” ती म्हणाली, कारण तिने उचलला तर तो घासणार नव्हता. डबा कोमट होता. खोलीही कोमट होती, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण तिच्या तळव्यांना ती ऊब आतून येतेय असं वाटलं, अंड्यातून येते तशी. तिने तो डबा बाहेरच्या खोलीत आणून डेस्कवर ठेवला, खिडकीपासून दूरच्या टोकाला. अब्बांनी आरसा फिरवला. दुधी काच उजळली. त्या रिकाम्या उजळलेल्या काचेकडे पाहताना तिला एकदम आठवलं की लहानपणी तिला वाटे, डबा बंद असतानाही आत नदी वाहत असते.

“कशाचा वास येऊन राह्यला?” रीता म्हणाली. तिने पदर नाकाला लावला होता. “बॅटरी फुटते न, तसा.”

“जुन्याचा वास येतच असते,” कुंताबाई म्हणाल्या.

“मले त काई येत नाई,” अब्बा म्हणाले.

फरहतने रीताकडे पाहिलं. सहावा डबा उघडल्यापासून तिच्याशिवाय आणखी कुणालातरी पहिल्यांदाच डब्यांचा तो वास आला होता. रीताने दोन शब्दांत सांगून टाकलं होतं, आणि खोलीत काहीच झालं नव्हतं. अब्बा चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होते. पट्टी कडक झाली होती. ती निघेना तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. आतली फिल्म चांगली असेल, असं तिला वाटलं. मग ती बघेल, विहीर दिसेल, कुंताबाई बोट टेकवतील, आणि आज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, अब्बांशी निवांत. किंवा आतली फिल्म लोळा असेल, आणि मग ते अब्बा पाहतील, या सगळ्यांसमोर, त्यांच्या काचेवर. या दोन शक्यतांच्या मध्ये ती इतके महिने उभी होती. ती उभी राहते तोवर दोन्ही खऱ्या होत्या. आणि तिसरी, जिचा विचार ती नेमका याच क्षणी करत नव्हती, ती लोखंडाच्या त्या टोकाशी होती, ते झाकणाच्या खाचेत शिरू पाहत होतं.

“थांबा जी भाऊ, आधी ऊद,” कुंताबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली, पणतीएवढं मातीचं भांडं काढलं, त्यात उदाचा खडा आणि वर कापराची वडी ठेवली. भांडं त्यांनी डब्याला टेकवून ठेवलं, जसं त्यांच्या सासूने त्यांच्यासाठी ठेवलं होतं. मग काड्यापेटी. त्यांनी काडी काढली, पेटीवर धरली, आणि सुनेला म्हणाल्या, “इकडं ये. हात जोड.”

फरहतने काड्यापेटीवर हात ठेवला. काडी तिच्या बोटांच्या मागच्या बाजूला घासली गेली, पेटली नाही. कुंताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य, एखादी शिकलेली पोर एकाएकी असं का करते याचं. केवळराम खुर्चीतून थोडे उठले.

“बाई, विटाळ वगैरे हाये का काही?” ते हळूच म्हणाले.

“नाही,” फरहत म्हणाली. तिने काड्यापेटी कुंताबाईंच्या हातातून काढून घेतली, ऊद-कापराचं भांडं उचललं, आणि दोन्ही वस्तू बाहेर अंगणात ठेवून आली. परत येताना हंड्यापाशी थांबली नाही. अब्बा तिथेच होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की त्यांना माहीत होतं. वास नसेल येत, पण झाकणांवरच्या पट्ट्या त्यांनीच वर्षानुवर्षं बदलल्या होत्या, दर वेळी आधीपेक्षा घट्ट. कुलर थांबलेला, खसाचा पडदा वाळत चाललेला, पलीकडे बांगडीवाल्यांचं तान्हं बारीक आवाजात रडू लागलेलं.

“तलाव दाखवायचा नाई का?” रीताने विचारलं.

“बोल ना बेटा,” अब्बा म्हणाले. “क्या है, बोल.”

हिंदीत बोललं तर ते फक्त त्यांच्या दोघांत राहील, हे तिच्या लक्षात आलं. तिने मराठीतच बोलायचं ठरवलं, केवळरामांना आणि कुंताबाईंना नीट कळावं म्हणून, आणि एकदा सगळ्यांना कळल्यावर ते परत घेता येणार नाही म्हणूनही. तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, कोरडा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“कुंताबाई, विहीर कुठे आहे ते तुम्हाला पाठ आहे. तुम्ही रीताला गावी गेल्यावर बांधावरून दाखवा, मी कागदावर काढून देते. अब्बा, ते हातातलं खाली ठेवा. ही फिल्म नासत चालली आहे, नुसत्या उष्णतेनेही पेटू शकते. हा डबा आता उघडायचा नाही. सातही डबे आजच, आत्ताच, मी पाण्यात बुडवणार आहे. हासुद्धा.”